राजमाचीच्या वाटेवर दोन सायकली

पळून जाऊन लग्न करायचं हे आमचं ठरलं होतं. जायचं कुठल्या वाटेनं, हे मात्र कितीतरी दिवस ठरेना.

कर्जतहून निघायचं म्हणजे सरळ स्टेशन गाठायचं. पण स्टेशनात तिकिटाच्या खिडकीमागे माझे चुलतकाका बसत. गाडीत चढताना मला कोणी बघितलं नाही, असं आजवर कधी झालं नव्हतं. एसटीनं घाट चढून जावं, तर थोरला भाऊ टेंपो चालवायचा आणि भाडं मिळेपर्यंत खोपोलीला शिळफाट्यावर उभा असायचा. पुण्याकडे जाणारी प्रत्येक गाडी त्याच्या डोळ्यांदेखत जायची. नेरळ-बदलापूरच्या बाजूला तर घरटी एक नातेवाईक. आमची जमीन, आमचं गोत, आमच्या ओळखी, सगळं सपाटीवर पसरलेलं. मोकळा होता तो एकटा डोंगर.

"मग डोंगरावरनंच जाऊ," हे म्हणाले.

मला आधी ती थट्टाच वाटली.

यांची आणि माझी ओळख झाली ती सायकलीमुळे. सत्तर-एकाहत्तरचा सुमार होता. मी दहिवलीची. वडिलांची भातशेती, घरात आई-वडील, भाऊ-वहिनी. शिकून मी मास्तरीण झाले आणि कोंडाण्याच्या लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात प्राथमिक शाळेवर लागले. एसटी दिवसातून एकदोनदाच यायची, म्हणून पहिल्या काही पगारांत मी लेडीज सायकल घेतली. दहिवलीत तेव्हा सायकलवर बसणारी बाई म्हणजे मीच. म्हातारी माणसं ओट्यावरून बघत राहायची. वडिलांनी मात्र कधी अडवलं नाही. ते एवढंच म्हणाले, "पडलीस तर रडत घरी येऊ नको."

पडले नाही, पण अडकले. एका सकाळी रस्त्याच्या मध्यावर माझ्या साडीचा काठ चेनमध्ये गेला. सायकल पुढे जाईना, मला खाली उतरता येईना. समोरून एक माणूस सायकलवरून येत होता. तो थांबला, खाली बसला आणि मागचं चाक उलटं फिरवत एकेक दाता सोडवू लागला. काठ सुटेपर्यंत त्यानं मान वर केली नाही. सुटल्यावर म्हणाला, "बाई, चेनकव्हर बसवून घ्या. नायतर रोज एक साडी जाईल."

तेच हे. कोंडाण्याच्या पायथ्याच्या गावातले, डोंगरउतारावर थोडी शेती असलेल्या घरातले. खोपोलीच्या एका कारखान्यात फिटर होते. रोज सायकलनं कर्जतला यायचे आणि तिथून खोपोलीची गाडी पकडायचे. त्या दिवसानंतर आमच्या सायकली रोज समोरासमोर येऊ लागल्या. आधी घंटी वाजायची, मग दोन शब्द, मग वडाखाली थोडं थांबणं. मी शाळेत शिकवायचे म्हणून हे मला 'बाई' म्हणत. लग्नानंतरही तेच म्हणत राहिले, आणि मला त्यात कधी परकं वाटलं नाही.

आमची जात वेगळी, त्यांची वेगळी. दोन्ही घरं भात लावणारी आणि भात खाणारी, पण सोयरीक होण्यातली नव्हेत. मी घरात विषय काढला तेव्हा वडील ताटावरून उठले. दुसऱ्या दिवसापासून पनवेलकडच्या एका मुलाची बोलणी सुरू झाली. पौष संपला की साखरपुडा, असं ठरलंही. मला कोणी विचारलं नाही.

म्हणून डोंगर. कोंडाण्याच्या लेण्यांवरून एक पायवाट उभी राजमाचीला चढते. वर किल्ल्याच्या कुशीत एक वाडी आहे, भैरवाचं देऊळ आहे. त्या वाडीपासून लोणावळ्याला रानातून एक कच्ची वाट जाते. कुठे बैलगाडी जाईल एवढी रुंद, कुठे नुसते दगड आणि ओढे. लोणावळ्यात यांची थोरली बहीण राहायची आणि ती आमच्या बाजूची होती. बेत असा ठरला: सकाळी कोंडाण्याहून चढायचं, भैरवाच्या देवळात लग्न लावायचं आणि उजेड आहे तोवर बहिणीचं घर गाठायचं.

"आणि सायकली?" मी विचारलं.

"त्या खाली ठेवल्या तर दुपारपर्यंत आपल्या मागं मानसं येतील. सगळे वळखतात बाई तुमची सायकल. आनि वरनं लोणावळा चालत गाठायचं म्हनजे अंधार पडनार."

"म्हणजे डोंगरावर सायकली न्यायच्या?"

"चढाला खांद्यावर. पुढं मग बसून."

मी हसले, पण मनातून मला बरं वाटलं. सायकल सोडून जायची माझी तयारी नव्हतीच. माझ्या स्वतःच्या कमाईची ती पहिली वस्तू होती. तिला कुठल्या झाडाला टेकवून निघून जायचं, ही कल्पनाच मला सोसवेना.

मग आमची तयारी सुरू झाली. इतर मुली लग्नाआधी हळदीची, साड्यांची तयारी करतात. मी सायकल खांद्यावर घ्यायला शिकत होते. यांच्या सायकलीला दांडा होता, त्यात खांदा घातला की सायकल उचलली जायची. लेडीज सायकलीला दांडाच नसतो. ती उचलायची कुठे धरून? यांनी एक बांबू तोडून आणला आणि सीटच्या नळीपासून हँडलच्या नळीपर्यंत सुतळीनं घट्ट आवळून बांधला. झाला दांडा. खांद्याला रुतू नये म्हणून त्यावर जुन्या गोणपाटाची गुंडाळी केली. दोन्ही सायकलींचे मडगार्ड काढले, नाहीतर दगड अडकले असते. ब्रेकला नवी रबरं बसवली.

रविवारी दुपारी शाळेत काम आहे असं घरी सांगून मी निघायचे आणि यांच्या गावामागच्या टेकाडावर जायचे. भातं कापून झाली होती. शेतात नुसती खोडं उभी. त्या टेकाडावर आम्ही चढ-उतार करायचो. हे आधी उतरून दाखवायचे. "उतारावर पुढला ब्रेक दाबायचा नाय. आधी मागला. आनि बूड जरा उचला सीटवरनं." साडी नेसून बूड उचलायचं कसं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते माझं मलाच जमवावं लागलं. निऱ्या वर खोचून, पिना लावून मी उतरायला शिकले. पहिल्या दिवशी खोडांत जाऊन पडले. मग हळूहळू हात बसला. घाट चढणाऱ्या रेल्वेची शिट्टी पलीकडच्या डोंगरातून ऐकू यायची आणि मला वाटायचं, त्या गाडीत बसून जाणाऱ्यांना काय कळणार ही मजा! पळून जाण्याची भीती त्या दुपारी कुठे जायची कोण जाणे. आयुष्यात इतकं मोकळं मी त्याआधी कधी हसले नव्हते.

एका सुट्टीला हे एकटेच वर जाऊन देवळाच्या गुरवाशी बोलून आले. गुरवानं फार चौकशी केली नाही. मुलगी सज्ञान आहे ना आणि स्वतःच्या मनानं येते आहे ना, एवढं विचारलं. मग म्हणाला, "या मार्गशीर्षात. पण पोरीकडनं कन्यादान कोन करनार, ते ठरवून या."

माझ्या बाजूचं माणूस आणायचं कुठून? ते तसंच राहिलं.

ठरल्या दिवशी सकाळी मी आईला सांगितलं की, शाळेच्या मुलांना लेणी दाखवायला न्यायची आहेत आणि रात्री शेजारच्या गावातल्या बाईंकडे मुक्काम आहे. आई चुलीपुढे होती. तिनं मागे वळून न बघता विचारलं, "चपला घालून चाललीस?"

"हो."

"डोंगर चढायचा तर कॅनव्हासचे बूट घाल गं. चपला सटकतात."

लेण्यांपर्यंत चपला पुरतात, हे तिला माहीत होतं. लहानपणी ती स्वतः मला तिथे घेऊन गेली होती. मी बूट घातले. तिनं फडक्यात भाकऱ्या बांधल्या, सुक्या बोंबलाची चटणी दिली. गाठोडं हातात घेतलं तेव्हा ते माझ्या एकटीच्या भुकेपेक्षा बरंच जड होतं. मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "जा आता. उनं चढायच्या आत जा." मी वाकून पाया पडले. शाळेच्या सहलीला जाताना कोणी पाया पडत नाही. तिनं डोक्यावर हात ठेवला आणि पुन्हा चुलीकडे वळली. आजही मला वाटतं, त्या घरातून मला पळवून लावलं ते आईनंच.

लेण्यांच्या पुढचा चढ अजून माझ्या पायांत आहे. वाट अशी उभी की समोरच्या माणसाच्या टाचा आपल्या डोळ्यांपुढे याव्यात. बांबू खांद्याला रुतायचा, पेडल पाठीत टोचायचं, हँडल मध्येच वळून कारवीच्या झाडोऱ्यात अडकायचं. हे स्वतःची सायकल थोडी वर नेऊन ठेवायचे आणि माझी घ्यायला खाली यायचे. दोनतीनदा मी नेऊ दिली. मग मला राग आला. "मला जमतंय," मी म्हटलं.

"जमतंय ते दिसतंय मला. पन वर जाऊन लगीन बी लावायचंय," हे म्हणाले, आणि आम्ही दोघं वाटेत बसून पोट धरून हसलो.

वरून लाकडाच्या मोळ्या घेतलेल्या बायका उतरत होत्या. आम्हाला बघून थांबल्या. एक म्हणाली, "अगं बया, सायकल मानसाला नेती का मानूस सायकलीला?"

"आज माणूसच नेतोय," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. घामानं निथळणारी मी, शेजारी परका पुरुष, कॅरियरला साडीचं बोचकं. तिला सगळं उमगलं असावं. डोक्यावरच्या मोळीला हात देत ती म्हणाली, "वरल्या टप्प्याला डावीकडनं जा गं. उजवीकडं घसारा हाय." आणि बायका हसत खाली गेल्या.

वाडीत पोचलो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. पोरंटोरं धावत आली, ती आम्हाला बघायला नव्हे, सायकली बघायला. लोणावळ्याच्या वाटेनं एखादी सायकल कधी आली असेल, पण कोंडाण्याच्या बाजूनं आलेली कोणी पाहिली नव्हती. गुरवानं पाणी दिलं आणि पहिला प्रश्न तोच केला. "पोरीकडनं कोन?"

चढताना न आलेलं रडू तिथे आलं. इतकी माणसं माझी, आणि त्या अंगणात मी कोणाचीच नव्हते.

देवळाजवळच्या घरातला एक शेतकरी तिथे उभा होता. पन्नाशीचा असेल, डोक्याला फडकं, अंगात बंडी. त्यानं बायकोकडे बघितलं, बायकोनं त्याच्याकडे. मग तो पुढे येऊन म्हणाला, "आमाला चार पोरं हायत, पोरगी नाय. कन्यादानाचं पुन्य आमच्या नशिबात नव्हतं. तुझी हरकत नसंल तर आमी बसतो."

त्याच्या बायकोनं मला घरात नेलं. अंगावर पाणी घालायला तांब्या दिला, केस विंचरले, आपल्या हातातल्या हिरव्या बांगड्यांतल्या निम्म्या उतरवून माझ्या हातात भरल्या. अंतरपाट म्हणून तिच्या नवऱ्याचं धुतलेलं धोतर धरलं. गुरवाला येत होती तेवढी मंगलाष्टकं त्यानं म्हटली, उरलेल्या ठिकाणी वाडीतल्या बायकांनी आपली गाणी घातली. हार झेंडूचे होते, कोणाच्या तरी परसातले. त्या माणसानं माझा हात यांच्या हातात दिला. जेवायला तांदळाची भाकरी, वालाची उसळ आणि गुळाचा भात. निघताना बाईनं मला पोटाशी धरलं. "सणाला येत जा," ती म्हणाली. "म्हायेर हाय तुझं."

मग आम्ही खऱ्या अर्थानं सायकलवर बसलो.

ती वाट मी अजून विसरले नाही. सुकलेलं पिवळं गवत, मध्येच गर्द झाडी, पुन्हा मोकळा कातळाचा सडा, डावीकडे खोल दरी. चाकाखाली खडे उडायचे, कॅरियर खडखडायचा. हे पुढे, मी मागे. उतार आला की हे ओरडायचे, "बाई, मागला ब्रेक!" आणि मी ओरडायचे, "माहितीये!" नवरा-बायको म्हणून आमचं पहिलं बोलणं ते एवढंच.

एका ओढ्याच्या उतारावर माझं पुढचं चाक दगडात गेलं आणि मी आडवी झाले. गुडघा फुटला. बांगड्या हातातच फुटल्या, दोन सोडून सगळ्या. रक्ताचं मला काही वाटलं नाही, पण त्या काचा बघून मी हादरले. लग्न लागून दुपारही सरली नव्हती. हे धावत आले. मी म्हटलं, "बांगड्या फुटल्या हो."

"हात बघू." त्यांनी मनगट, कोपर सगळं वळवून बघितलं. "हाड शाबूत हाय. बांगड्या लोणावळ्यात मिळतील. हात नाय मिळायचा." मग माझ्या मनात काय चाललंय ते त्यांच्या ध्यानात आलं. माझ्याशेजारी दगडावर बसून ते हळूच म्हणाले, "दगडावर पडल्यावर काच फुटनारच. त्याच्यात दुसरं काय बी नसतं."

माझी भीती गेली. कदाचित त्यांनी ते इतकं साधं करून सांगितलं म्हणून.

त्याच ओढ्यावर त्यांच्या सायकलीची हवा गेलेली दिसली. ट्यूब काढून आम्ही पाण्यात धरली. मी ती पिळत होते, हे बुडबुडे शोधत होते. भोक सापडलं, कानशीनं घासलं, सोल्युशन लावलं, पॅच बसवला. तो वाळेपर्यंत आईचं गाठोडं सोडलं. आत भाकऱ्यांच्या दोन वेगवेगळ्या पुड्या होत्या, दोन्ही सारख्याच. हे म्हणाले, "माझी बी दिलीय की." ती भाकरी खाताना मी आईसाठी रडले. यांनी मला रडू दिलं.

दिवेलागणीला आम्ही बहिणीच्या दारात उभे राहिलो. मी लंगडत, हे धुळीनं माखलेले. तिनं ओवाळायला ताट आणलं, पण आधी सायकलीच बघत राहिली.

पुढं काय व्हायचं ते झालं. भाऊ कारखान्याच्या फाटकावर येऊन आरडाओरडा करून गेला. काकांनी माझं नाव टाकलं. यांच्या घरचे महिन्याभरात निवळले. आम्ही खोपोलीत एक खोली घेतली. माझी शाळा सुटली नाही. मी गाडीनं कर्जतला आणि पुढे सायकलनं शाळेत जायचे. आई कधीमधी शाळेत यायची, बाजाराला आले होते म्हणून सांगायची, माझ्या हातात काहीतरी ठेवून निघून जायची. वडील मात्र आले नाहीत, निरोपही नाही. अशी दोन भातं निघाली.

मुलगी रांगायला लागली तेव्हाची गोष्ट. रविवारची सकाळ होती. दार उघडलं तर पायरीवर वडील बसलेले. टोपी मांडीवर, तोंड रस्त्याकडे. मी पाणी आणलं. ते प्यायले, पण आत आले नाहीत. मग म्हणाले, "एक विचारू?"

"विचारा ना."

"स्टेशनात तुझा काका होता. फाट्यावर भाऊ होता. मी सोता दोन दिस फिरलो. तुमी गेलात कुठल्या वाटनं?"

मी सांगितलं. कोंडाणं, राजमाची, लोणावळा. ते ऐकत राहिले.

"सायकली घेऊन?"

"हो."

"तो चढ?" त्यांनी मान वळवून माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "मी जवान होतो तवा त्या वाटनं बैल उतरवला होता. बैल रडकुंडीला आला होता गं." आणि ते हसले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते टोपीनं पुसलं. मग खाली बघत विचारलं, "कन्यादान कोनी केलं?"

मी त्या शेतकऱ्याचं, त्याच्या बायकोचं सांगितलं. मुलगी रांगत येऊन त्यांच्या धोतराला धरून उभी राहिली होती. त्यांनी तिला उचललं. "त्याला भेटाया पायजे," ते म्हणाले, आणि आत आले.

नवं भात घरात आल्यावर आम्ही गेलो. वडील, आई, आम्ही दोघं आणि मुलगी. वडिलांनी डोक्यावर नव्या तांदळाचं गाठोडं घेतलं होतं आणि ते कोणाच्याही हातात देईनात. चढावर थांबायचे, श्वास घ्यायचे, पुन्हा निघायचे. हे मुलीला खांद्यावर घेऊन पुढे. मध्येच वडील यांना म्हणाले, "पावणं, जरा दमानं घ्या, पोर हाय खांद्यावर." लग्नानंतर यांच्याशी ते पहिल्यांदाच बोलले होते.

वाडीत त्या माणसानं आम्हाला लांबूनच ओळखलं. वडिलांनी गाठोडं त्याच्या ओटीवर उतरवलं, हात जोडले. ते म्हणाले, "माझ्या जागी तुमी उभे राह्यलात."

तो माणूस गडबडला. "बसा, बसा. आधी पानी घ्या."

मग दोघं ओटीवर बसले. त्यानं गाठोडं सोडून तांदूळ मुठीत घेतला, हुंगला, एक दाणा चावून बघितला. "कोलम का?"

"नाय, कोळंबा म्हनत्यात आमच्याकडं. कमी पान्यात बी तग धरतो."

"आमच्या डोंगरातल्या वरकस जमिनीत येल का?"

"बी देतो की. पन रोपासाठी राब जरा लवकर भाजाया लागंल."

आई आणि ती बाई आत चुलीपाशी माझ्याच गोष्टी सांगत बसल्या होत्या. मुलगी अंगणात कोंबड्यांच्या मागे होती. बाहेर त्या दोघांचं बोलणं राबावरून पाण्यावर, पाण्यावरून बैलांवर गेलं, आणि ऊन ओटीवरून उतरलं तरी संपलं नाही.